उस्ताद, वहिनी आणि रंगवलेल्या कड्या

उस्ताद गेले तेव्हा त्यांच्याबरोबर कडे चढणारी मंडळी तिरडी बांधायला हौसेने पुढे झाली आणि तिथेच घोटाळा झाला.

तिरडी बांधायला खरं तर दोन जाणती माणसं आणि सुतळीचं एक बंडल पुरतं. इथे अंगणात जमलेला प्रत्येक जण गाठींमधला पंडित. एक म्हणाला, खांद्यापाशी आठाची गाठ घ्या. दुसरा म्हणाला, आठाची घेतली तर सगळा भार एका बाजूला येईल. तिसऱ्याने वाद न घालता प्रत्येक गाठीमागे एकेक राखीव गाठ मारली, पहिली सुटलीच तर असावी म्हणून. भावकीतले एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसून हे बराच वेळ पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "अरं लेकरांनो, त्याला जाळायचाय. कुठं चढवायचा न्हाई."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि मग कुणालाच आवरेना. आत बायकांमध्ये वहिनी बसल्या होत्या, म्हणजे उस्तादांची बायको. त्यांचाही पदर तोंडाशी गेला, आणि तो रडू दाबण्यासाठी गेला नव्हता हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पुढे अमरधाममध्ये त्या गाठी सुटता सुटेनात. कोयता मागवावा लागला. तिथला माणूस वैतागून म्हणाला, "एवढं पक्कं बांधलं कुणी?" तर बांधणारे सगळेच्या सगळे छाती काढून पुढे झाले.

तर ही हकिकत अशा माणसाची आहे. ज्यांना डोळे पुसायचे असतील त्यांनी रुमाल जवळ ठेवावा, पण मी जबाबदारी घेत नाही.

उस्ताद हे त्यांचं नाव नव्हे. नाव मतदार यादीत होतं आणि तिथेच राहिलं. केडगावात पुणे रस्त्यावरून आत वळलं की त्यांचं पत्र्याचं शेड लागे. बाहेर पाटी होती: ट्रॉलीचे हुक, नांगराचे फाळ, ट्रॅक्टरच्या सीट. ही पोटापाण्याची कामं. शेडच्या मागच्या अर्ध्या भागात मात्र दुसरंच दुकान होतं. भिंतीवर ओळीने टांगलेल्या पोलादी कड्या, ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांपासून घडवलेल्या मेखा, आणि कंबरेला नि मांड्यांना बांधायचे जाड पट्टे, ज्यांना चढणारे लोक हार्नेस म्हणतात. कातळाच्या फटीत मेख ठोकायची, मेखेत कडी अडकवायची, कडीतून दोर ओवायचा, दोराला पट्टा आणि पट्ट्यात माणूस. या साखळीत दोर तेवढा विकतचा. बाकी सगळं घरचं.

"आणि माणूस?" मी एकदा विचारलं.

"माणूस फुकट मिळतो," उस्ताद म्हणाले. "म्हणूनच बाकीचा माल चांगला पाहिजे."

या नादाला ते लागले कळसूबाईला. सगळं घर देवीच्या दर्शनाला निघालं होतं. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. दर्शनाला निघालेला माणूस देवीचं नाव घेत शिडीवरून पटापट वर जातो. उस्ताद शिडीच्या मध्यावर थांबले आणि वेल्डिंग बघायला लागले. मागे भाविकांची रांग तुंबली. कुणी म्हणालं, "पाय उचला की बाबा." तर हे म्हणतात, "थांबा, इथं टाका कच्चा हाय." तेवढ्यात त्यांना दिसलं की पलीकडे, शिडीबिडी सोडून, कोऱ्या कातळावरून काही पोरं दोराने चढतायत. देवी राहिली बाजूला. उतरताना त्यांनी त्यातल्या एकाच्या कमरेची कडी मागून घेतली, उन्हात धरली, उघडझाप केली, दाताखाली चावून बघितली आणि परत दिली.

"ही मी करीन," म्हणाले. "आणि हिच्यावरनं चढीन बी मीच."

वहिनींना वाटलं, गव्हाच्या पेरणीपर्यंत डोक्यातून जाईल. कितीतरी पेरण्या झाल्या, ते डोक्यातून गेलं नाही.

उस्तादांना चढताना बघणं म्हणजे तिकीट लावावं असा प्रयोग होता. एरवी शेडमध्ये स्टुलावरून उठतानाही "आई गं" म्हणणारा हा माणूस. कातळाला हात लागला की त्याच अंगातून दुसरा कुणीतरी बाहेर पडायचा. आधी कातळावर तळहात टेकवून उभं राहायचं, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मग मिशीवरून बोट फिरवायचं. मग मागे वळून खालचे सगळे आपल्याकडेच बघतायत ना याची खात्री करायची. आणि मग निघायचं. झटापट नाही, धाप नाही. बोटं फटीत जायची, पाय वर यायचा आणि माणूस वर सरकलेला असायचा. कधी सरकला ते कळायचं नाही. मधेच थांबून ते खाली ओरडून विचारायचे, "बघितलं का, कसा गेलो?" नम्रपणा हा पदार्थ त्या घरी शिजत नसे. आम्ही त्यांच्यावर जीव टाकायचो त्यात या फुशारकीचा वाटा मोठा होता. जे म्हणायचे ते करून दाखवायचे, आणि केलेलं पुन्हा म्हणायचे.

माझी नि त्यांची गाठ पडली ती नारदामुळे. आमच्या हौशी नाटक मंडळींनी एक पौराणिक प्रहसन बसवलं होतं आणि त्यात नारदाने आकाशातून उतरायचं होतं. नारद मी. मी तेव्हाही अंगाने भरलेला होतो, आताचं विचारू नका. कुणीतरी सांगितलं, केडगावात एक जण माणसं टांगण्याचं सामान करतो. मी गेलो. उस्तादांनी घोडेगावच्या बाजारात म्हैस बघावी तसं मला चारी बाजूंनी बघितलं.

"वा," ते म्हणाले. "लोड चांगला हाय."

मला काही कळायच्या आत मी पट्ट्यात होतो आणि शेडच्या लोखंडी तुळईला लोंबकळत होतो. वहिनींनी चहा आणून हातात दिला. ही त्या शेडची रीत होती. कुठलाही नवा पट्टा बाहेर जायचा तर आधी कुणीतरी त्यात टांगून घेऊन कपभर चहा संपवायचा. टांगलेला माणूस चहाबद्दल बोलला, साखर कमी आहे, आलं छान आहे, तर पट्टा पास. तो पट्ट्याबद्दल बोलायला लागला तर कुठेतरी रुततंय, शिवण उसवायची. मी म्हणालो, "वहिनी, वेलची टाकलीत वाटतं." उस्तादांनी टाळी वाजवली.

नारद झकास उतरला. परत वर मात्र गेला नाही, कारण दोर ओढणारेच टाळ्या वाजवत राहिले. उरलेला प्रवेश मी चिपळ्या वाजवत हवेत केला आणि लोकांना ते नाटकातलंच वाटलं. त्या दिवसापासून मी त्या शेडचा कायमचा लोड झालो. इतक्या वर्षांत मी एकही कडा चढलेलो नाही. मी चढत नाही, मी टांगला जातो.

आता वहिनींविषयी. पट्टे शिवायच्या त्या. ट्रॅक्टरच्या सीट शिवायचं जे जाडजूड मशीन होतं त्याच्यावर. उस्ताद सगळ्यांना सांगायचे की माझे पट्टे तुटत नाहीत कारण माझी बकलं तशी आहेत. ऐकणारे मान हलवायचे आणि पट्टा उलटा करून शिवण बघायचे. पण त्या शिवणीवर माणसं कुठे आणि कशी लटकतात ते वहिनींनी कधी पाहिलं नव्हतं. उस्ताद कड्यावर जायचे तेव्हा त्या घरी थांबायच्या, आणि ते परत आले की आधी पट्टा बघायच्या, मग नवऱ्याला.

एके सकाळी पेपरात बातमी आली की सह्याद्रीत कुठेतरी कॉलेजचा एक मुलगा पट्टा तुटून पडला. हात-पाय मोडले, जीव वाचला. पट्टा आमचा नव्हता, जिल्हाही आमचा नव्हता. वहिनींनी बातमी वाचली, उठल्या आणि मशिनवर खोळ घातली.

"मी आता पट्टे शिवनार न्हाई," त्या म्हणाल्या. "सीटा बी न्हाईत."

"अगं, तो आपला पट्टा न्हवता," उस्ताद म्हणाले.

"आपला कसा वागतो ते तरी मला कुठं म्हाईत हाय? मी इथं बसून सरळ टाके मारते. तिकडं त्याच्यावर कुनाचं लेकरू लोंबकळतंय. मी कधी बघितलंय का?"

"मी बघतो की."

"तुमी वर बघता. मिशी सांभाळत."

मी तिथेच उभा होतो, हातात बशी घेऊन. उस्तादांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी बशीकडे बघितलं.

उस्तादांनी मंडप शिवणाऱ्या एका टेलरकडून एक पट्टा शिवून आणला. नेहमीप्रमाणे मी चढवला गेलो. खाली गोण्या रचल्या होत्या हे माझं नशीब. कप ओठाला लागतो न लागतो तोच मागून टर्र असा आवाज आला आणि मी चहासकट गोण्यांवर आलो. मंडप पेलणं वेगळं आणि मला पेलणं वेगळं, हे त्या दिवशी माझ्या पार्श्वभागाच्या कायमचं लक्षात राहिलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त तो कप उचलला.

मग उस्तादांनी मागच्या अर्ध्या शेडला कुलूप लावलं. कुणी मेखा मागायला आलं, कड्या मागायला आलं, तर सांगायचे, "बंद केलंय. अर्धी साखळी मी देत न्हाई." ट्रॉलीचे हुक करताना ते पहिल्यांदाच गप्प असायचे. गप्प उस्ताद ही मला बघवणारी गोष्ट नव्हती. मशिनवरची ती खोळ निघाली नाही तर हा माणूस उरलेलं आयुष्य हुक ठोकत काढणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि त्यावर कुणाकडे उपाय नव्हता.

उपाय वहिनींनीच काढला. नवरात्र बसलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "दसऱ्याला मला घेऊन चला. सीमोल्लंघन करू. मी शिवलेला पट्टा मी बांधनार आणि कड्यावर जाऊन त्याच्यात मी लटकनार. मग सांगते, शिवनार का न्हाई."

उस्तादांचा चेहरा पांढरा पडला. "लटकायचंच हाय तर शेडमधी लटक की."

"शेडमधी नाटकवाले लटकत्यात," वहिनी माझ्याकडे हात करून म्हणाल्या. "मला कडा पाहिजे."

ठरलं. अकोले तालुक्यात, रतनवाडीच्या बाजूला, एक सुळका होता. उस्ताद त्यावर अनेकदा चढले होते, त्यातल्या मेखाही त्यांनीच ठोकलेल्या होत्या. माथा एवढासा, पण चढ सोपा. बरोबर आमच्यातली सिस्टर येणार होती. ही नगरच्या एका दवाखान्यात नर्स आणि कातळावर पाल. दोर धरण्याच्या बाबतीत उस्ताद फक्त तिच्यावर विश्वास ठेवायचे.

पण मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात हे तुम्हाला माहीतच आहे, आणि वर्कशॉपवाले त्याआधी मशिनांना रंग देतात हेही. या कामासाठी तिसगावहून वहिनींचे भाऊ दर वर्षी यायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. येताना कॉम्प्रेसर आणि फवारणीची बंदूक घेऊन यायचे. मामा कामाला वाघ. त्यांनी लेथ रंगवला, ड्रिल रंगवलं, शिकंजा रंगवला, फाटक रंगवलं. मग मागच्या अर्ध्या शेडचं कुलूप उघडं दिसलं म्हणून आत गेले.

पूजेच्या सकाळी शेड असं झळकत होतं की डोळे दिपावेत. सगळ्यावर झेंडूच्या माळा. पट्टे कापडी म्हणून मामांनी सोडले होते, त्यांना नुसतं हळदकुंकू. कड्या मात्र तारेत ओवून टांगलेल्या होत्या, शेंदरी रंगाच्या, देवासारख्या. आरती झाली. दुसऱ्या दिवशीच्या तयारीसाठी उस्तादांनी एक कडी हातात घेतली आणि तिचा खटका दाबला. तो हलेना. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "ह्यांना काय केलंत?"

"रंग दिला, दाजी. जेवण झाल्यावर दुसरा हात पण मारला. लई कळकट दिसत हुत्या."

"उघडंनात ना पण."

"उघडायच्या कशाला? पूजा हाय," मामा म्हणाले.

खटक्याच्या फटीत, स्प्रिंगमध्ये, बिजागरीत, सगळीकडे रंग वाळून दगड झाला होता. उस्ताद मटकन स्टुलावर बसले. आणि मी त्यांच्या समोर होतो म्हणून सांगतो, त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. सुटका होती. बायकोला कड्यावर टांगण्यापेक्षा कड्या वाया गेलेल्या परवडल्या, असा तो चेहरा होता.

"काय करनार आता," ते मोठा उसासा टाकून म्हणाले. उसासा उत्तम होता, मी त्यातला जाणकार आहे. "यंदा र्‍हायलं. पुढच्या दसऱ्याला बघू."

वहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. "दादा, थिनर किती शिल्लक हाय?" त्यांनी भावाला विचारलं.

"डबा हाय की."

"मग गाडीत बसून खरवडा."

दसऱ्याला उजाडताना आम्ही निघालो. जीपमध्ये उस्ताद, मामा, सिस्टर आणि मी, प्रत्येकाच्या मांडीवर कड्यांचा ढीग, एका हातात जुना टूथब्रश आणि मधे थिनरचं टमरेल. जीप भाड्याची, वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी. पट्टे त्यांनी स्वच्छ धोतरात गुंडाळून मांडीवर घेतले होते. थिनरचा हात कुणी पट्ट्याला लावायचा नाही, अशी ताकीद होती. राहुरी गेलं, कोल्हार गेलं, आम्ही घासतोय. संगमनेरला नाकाबंदी होती. पोलिसाने खिडकीतून आत वाकून बघितलं. थिनरचा भपकारा, पायाशी हातोडे, आणि चार माणसांचे हात मनगटापर्यंत लाल.

"काय करून आलात?" त्याने हळूच विचारलं.

"पूजा," मामा म्हणाले.

त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी त्याला आपट्याची दोन पानं दिली. "सोनं घ्या, साहेब." त्याने पानं घेतली आणि गाडी सोडली. अकोलं येईपर्यंत पहिली कडी उघडली. उस्तादांनी ती कानाशी नेऊन पुन्हा पुन्हा वाजवली, खट्, खट्. मग एकेक करून बाकीच्या. राजूर सोडलं तेव्हा ज्या ऐकत नव्हत्या त्या त्यांनी डिकीत टाकल्या आणि बाकीच्या माळेसारख्या गळ्यात घातल्या. खाचाखोचांत शेंदरी रंग तसाच होता.

भाताच्या खाचरांच्या बांधावरून आम्ही सुळक्याशी पोचलो. सगळीकडे सोनकी फुललेली. जवळच गावातल्या दोन बाया गवत कापत होत्या. आमचा सरंजाम बघून त्यांनी विळे कमरेला खोचले आणि येऊन बसल्या, बैठक घालून, पुढच्या रांगेत.

वहिनींनी नऊवारीचा कासोटा आवळला, वरून पट्टा चढवला, बकलं स्वतः लावली. उस्ताद आधी चढून जाणार होते आणि मग वरून वहिनींचा दोर धरणार होते. त्यांनी कातळावर हात टेकवला. मिशीवर बोट फिरवलं नाही. मागे वळूनही बघितलं नाही. सरळ निघाले आणि एकदाही काही न ओरडता माथ्यावर पोचले. उस्तादांना घाबरलेलं मी त्या दिवशी पाहिलं, आणि तेही स्वतःसाठी नव्हतं. मामांनी सुळक्याकडे पाठ करून जप सुरू केला.

वहिनी निघाल्या. माळ्यावरची डाळीची कोठी काढायला चढावं तशा, सावकाश, एकेक पाय नीट बघून. मध्यावर पोचल्या आणि थांबल्या.

"दोर ताठ हाय का?" त्यांनी वर विचारलं.

"हाय. ये तू वर."

"मी हात सोडतेय."

"नको गं," उस्ताद म्हणाले. पण तोवर त्यांनी सोडले होते.

वहिनी कातळापासून मागे झुकल्या आणि हवेत बसल्या. दोर करकरला. त्या हलकेच फिरल्या, त्यांची पाठ कातळाकडे झाली, समोर सगळी दरी. खाली आम्ही श्वास धरून. त्यांनी दरीकडे बघितलंच नाही. मान खाली घालून मांडीवरच्या पट्ट्याची शिवण बोटाने चाचपली. मग दोन बोटं आत घालून ओढून बघितली. मग कमरेची. शिवणाऱ्या बाया कापड बघतात अगदी तसं, फक्त पायाखाली काही नव्हतं.

"अगं, झालं का?" वरून आवाज आला. तो आवाज उस्तादांचा आहे हे सांगावं लागलं असतं.

"बोलू नका. बघतेय."

"काय बघतेस?"

"माझं काम."

बराच वेळ गेला. मामांचा जप गाडीच्या वेगाने चालला होता. मग वहिनी म्हणाल्या, "हे काचतंय."

"काय?"

"मांडीचं. बापईमाणसाच्या मापाचं कापलंय तुमी. कुन्या बाईला कधी विचारलं हुतं का?"

"मी सारखं सांगतेय, काकू," सिस्टर खालून म्हणाली. "काका म्हणतात चहा पी, बरं वाटेल."

खाली बसलेल्या त्या दोन बाया खदखदून हसल्या. वहिनी मात्र रागावल्या. "आणि तू मला सांगितलं न्हाईस? शिवते कोन, मी का ते?" सिस्टरने जीभ चावली. वहिनींनी पुन्हा एकदा शिवण ओढून बघितली आणि मग, जरा हळू, पण कातळ सगळं ऐकवतो, म्हणाल्या, "टाका चांगला हाय."

वरून उस्तादांनी दोर उगीचच आणखी ताठ केला.

"शिवीन मी," वहिनी म्हणाल्या. "पन कापायचं माप माझं."

"तुझंच. ये वर."

"बकल मागं न्यायचं."

"नेतो. ये की आता."

"एवढी घाई काय हाय? इथनं लई लांबचं दिसतंय," असं म्हणून वहिनींनी पहिल्यांदा दरीकडे बघितलं, आणि पाय हलवत तिथेच बसून राहिल्या.

मशिनवरची खोळ दुसऱ्या दिवशी निघाली, ती अजून परत पडलेली नाही. उस्ताद आता नाहीत. शेडचा मागचा अर्धा भाग पुढे आलाय आणि ट्रॉलीचे हुक मागे गेलेत. सिस्टर रजेच्या दिवशी येऊन बकलं लावते. मी अजूनही टांगला जातो, मात्र हल्ली आधी बायका टांगून घेतात आणि मग माझा नंबर लागतो. पण हे सगळं नंतरचं. मला तुम्हाला अजून सुळक्यावरून खाली आणायचं नाही.

वहिनी माथ्यावर पोचल्या. पोचल्या आणि उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. खालून त्या बायांपैकी थोरली उठली.

"काय दिसतंय वं, बाई?"

"धरण दिसतंय," वहिनी वरून म्हणाल्या. "तुमचं गाव दिसतंय. कुनाच्या तरी वळचनीला पापड्या वाळत घातल्यात."

"माज्याच हाईत त्या," धाकटी म्हणाली. "आमाला बी दावा की."

उस्तादांनी वरून काहीतरी सुरू केलं, की असं एकदम कुणालाही, शिकल्याशिवाय, पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनींनी आधी कमरेला दोर गुंडाळून स्वतःला मेखेशी बांधून घेऊन, मग पट्टा सोडून, तो दोराने खाली पाठवला होता. सिस्टरने धाकटीला तो चढवला, बकलं ओढली, दोनदा तपासली. धाकटी अनवाणी निघाली. वरून दोर ओढणाऱ्या उस्तादांची तारांबळ उडाली, ढिला दोर गोळा करायलाच त्यांचे हात पुरेनात. मग पट्टा पुन्हा खाली आला आणि थोरली गेली. ती मात्र चढताना वाटेत भेटलेल्या प्रत्येक मेखेला नमस्कार करत होती, कारण त्यांच्यातल्या कड्या शेंदरी होत्या. मामांनी तेवढ्यात पहिल्यांदा वळून बघितलं आणि समाधानाने मान डोलावली. शेवटी सिस्टर वर गेली, आणि आता माथ्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"कुनीतरी उतराया पाहिजे," वहिनी म्हणाल्या. सगळ्या उस्तादांकडे बघायला लागल्या.

"मी?" उस्ताद म्हणाले.

"तुमी कितींदा आलाय इथं. सिस्टर हाय आमच्यासंगं. उतरा."

आणि उस्ताद, त्या सुळक्यात मेखा ठोकणारे उस्ताद, दोरावरून खाली आले. सुरेख उतरले. पाय कातळाला लावून, छाती काढून, मिशी वाऱ्यावर. पण वर बायकांनी पाठ फिरवली होती आणि बोटं दाखवून कुणाचं घर कुठलं ते शोधत होत्या. खाली मामांनी पुन्हा डोळे मिटले होते. त्यांना उतरताना बघणारा मी एकटाच. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं आता विचारतील, बघितलं का, कसा आलो. त्यांनी विचारलं नाही. मान मागे टाकून ते वर बघत होते. माथ्यावर चार बायका, आकाशाला चिकटल्यासारख्या, एकमेकींच्या हातात आपट्याची पानं देत होत्या आणि त्यांचं हसणं खडे पडावेत तसं खाली येत होतं.

उस्तादांनी शेंदरी हातांची ओंजळ तोंडाशी नेली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "ती माझी बायको हाय."

"म्हाईत हाय त्यांना," वरून आवाज आला. "गप बसा."

समोरच्या रतनगडाने मात्र ते वाक्य उस्तादांच्याच आवाजात परत म्हणून दाखवलं. उस्तादांना ते फार आवडलं असावं. त्यांनी लगेच पुन्हा ओरडून सांगितलं.